काकांच्या दंडावरचे निळे डाग

आज काकांना घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेले होते. माझे धाकटे काका म्हणजे एकेकाळचे लालबागचे कबड्डीपटू. हल्ली लिव्हर बिघडलंय. कुठे आपटलं नाही तरी दंडावर निळे डाग उठतात.

"व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज खातोय की मी!" ते डॉक्टरबाईंना म्हणाले.

"अंगी लागत नाहीत, काका. तुमचं पित्त आतड्यात नीट उतरत नाही, म्हणून ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स नीट शोषलीच जात नाहीत. 'के' कमी पडलं की रक्त लवकर गोठत नाही. आणि मनाने गोळ्या नकोत. 'ए' जास्त झालं तर लिव्हरलाच त्रास."

मग शिरेतून 'के'चं इंजेक्शन दिलं. सुई काढल्यावर मी कापूस दाबून धरला, तरी रक्त लवकर थांबेना.

मला चाळीमागचं मैदान आठवलं. गुडघा फुटला की काका त्यावर चिमूटभर माती चोळायचे आणि लगेच पुढच्या चढाईला जायचे. आम्ही पोरं ओरडून घसा बसवून घ्यायचो.

"काय बघतंस गो?"

"तुमची चढाई."

काका किती दिवसांनी मोकळं हसले.

रक्त थांबलं, पण टॅक्सीतही मी त्यांचा हात सोडला नाही. तुमच्या घरातली मोठी माणसंही अशी स्वतःच्या मनाने गोळ्या घेतात का हो?