गादीवाल्याचा समुद्र

माझे भावोजी गाद्या विकतात. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून भावोजी म्हणायचं. आमच्यातला आदर तेवढ्यावरच संपतो. दिवसभर दुकानात बसून ते गिऱ्हाइकांना पटवतात की माणसाच्या पाठीला मऊपणाच हवा. आणि रोज सकाळी बंदरामागच्या दगडी पायऱ्यांवर उघड्या अंगाने उभे राहून मंडळाला सांगतात की मऊपणानेच माणसाचं वाटोळं केलं. दोन्हीकडे लोक माना डोलावतात, आणि भावोजींना एवढंच लागतं.

मंडळ म्हणजे हिवाळ्यात समुद्रात पोहणाऱ्यांचं. त्यात एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी आणि येऊन-जाऊन असणारे दोनचार हौशे. ही सगळी मंडळी भावोजींना ‘कॅप्टन’ म्हणतात. कॅप्टन जन्मात कधी होडीत बसलेले नाहीत. त्यांना होडी लागते.

पोहता येत नाही असं मी म्हणणार नाही. नळाचं पाणी बोटांना चावतं त्या दिवसांत हा माणूस समुद्रात उतरतो आणि लांब तरंगणाऱ्या लाल बोयाला हात लावून परत येतो. पण पोहून आल्यावर शहाणा माणूस अंग पुसतो, कपडे घालतो आणि घरी जातो. भावोजी भाषण करतात. ‘आजचं निरीक्षण’ संपेपर्यंत कोणी टॉवेलाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. पायरीवर खळीच्या गोळ्यासारखा पडलेला जेलीफिश असो, नाहीतर खांबावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, प्रत्येकातून ते माणसाला उपदेश काढतात. एकदा पायऱ्यांवरून एक खेकडा आपल्या कामाला चालला होता. भावोजी म्हणाले, “हा बघा. ह्याने कधी स्वेटर घातलाय?” आणि निळ्या ओठांची ती सातआठ शहाणी माणसं त्या खेकड्याकडे भक्तिभावाने बघत उभी राहिली. माझी लाँड्री आहे. ह्यांचे टॉवेल माझ्याकडे येतात, वाळू आणि शेवाळासकट, त्यामुळे ह्या भक्तीचा वास मला चांगला ठाऊक आहे.

त्या हिवाळ्यात बंदरात एक सील, तो मिशांचा गुळगुळीत समुद्री प्राणी, राहायला आला. मच्छीमार होडीतून फेकतात त्या माशांसाठी आला, हे शेंबडं पोरही सांगेल. भावोजी सांगायला लागले, “तो मला ओळखतो.” तो सील लांबून डोकं वर काढायचा, भावोजींकडे जरा वेळ बघायचा आणि खाली जायचा. मीही त्यांच्याकडे तसंच बघते आणि आत जाते, पण म्हणून माझ्यावर कोणी भाषण केलेलं नाही.

आता भाचीबद्दल. ताईची ही एकुलती एक मुलगी, आणि तिचं एका मुलाशी जमलं होतं. मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. हडकुळा, हळू बोलणारा, स्वतःच्या डोळ्यांवर बरणीच्या बुडाएवढ्या जाड काचा. मला आवडला होता. भावोजींनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “हिवाळाभर माझ्याबरोबर पाण्यात उतर. माणूस पाण्यात कळतो. मग लग्नाचं बघू.”

मी भाचीला म्हटलं, “अगं, तू कमावती आहेस. त्यांना विचारतंय कोण?”

“मला भांडून जायचं नाही, मावशी. मी निघून जाईन, पण ते मग आईला उभा जन्म ऐकवतील.”

ते खरं होतं.

मुलगा रोज उतरायला लागला. भाची वरच्या कठड्यावर थर्मास आणि घोंगडी घेऊन बसायची. मीही सोबतीला जायचे. भावोजींना नावं ठेवायला ताजा माल मिळतो, हेही एक कारण होतंच.

एका सकाळी वारा पडलेला होता आणि पाणी अगदी सपाट होतं. बाकीची मंडळी बोयाला हात लावून परतत होती. मुलगा मागे होता, चष्म्याशिवाय, आंधळ्यासारखा हात मारत. आणि त्याच्या शेजारीच सील वर आला. आधी डोकं, मग मिशा, मग ते मोठे काळे डोळे. मुलगा जागच्या जागी पाय मारत थांबला. सीलने त्याच्याभोवती एक फेरी मारली, खाली गेला आणि दुसऱ्या बाजूने वर आला. नंतर मुलाने सांगितलं की खालून जाताना त्याने तळपायाला नाक लावलं. मुलगा हसत होता. इतका आनंदलेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला नाव ठेवायला काही सुचलं नाही.

भावोजींना मात्र सुचलं. ते माघारी वळून पाणी धोपटत तिकडे निघाले. सील बुडाला तो पुन्हा दिसलाच नाही.

त्यामुळे त्या दिवशीचं निरीक्षण लांबलं. सील मुळात आपल्याकडेच येत होता, मुलगा फक्त वाटेत आला, हे मंडळाला पटवून द्यायचं होतं. सीलची नजर कशी असते, त्याला नेता कसा कळतो, सगळं झालं. मुलगा सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात राहिलेला. तो लटलटत होता, दात वाजत होते. भाची कठड्यावरून म्हणाली, “बाबा, त्याला कपडे घालू द्या.” भावोजींनी हात वर करून तिला गप्प केलं.

आणि मग मुलाचं थरथरणं थांबलं.

“बघा,” भावोजी म्हणाले, “थांबली थरथर. शरीराने समुद्र मान्य केला.” मंडळाने टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरांनीही वाजवल्या, आणि तो माणूस दातांचा का होईना, डॉक्टर आहे.

मुलगा गोड हसला. “सीलला नंबर नाही,” तो जड जिभेने म्हणाला. “दोन्ही डोळे चांगले आहेत.” आणि ओल्या पायरीवर हळूहळू खाली बसला.

भाचीने कठड्यावरून उडी मारली. वडिलांना तिने कोपराने बाजूला सारलं, घोंगडी मुलाभोवती गुंडाळली, आणि आम्ही दोघींनी त्याला उचलून माझ्या लाँड्रीच्या गाडीत, इस्त्रीच्या गरम चादरींवर टाकलं. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, थरथर थांबली म्हणजे शरीराने हात टेकले. आणखी थोडा वेळ तसाच उभा ठेवला असता तर हृदय थांबलं असतं. मागून आलेले भावोजी तिला सीलबद्दल सांगू लागले. तिने दार लावून घेतलं.

मुलगा बरा झाला. भावोजींनीही लगेच होकार दिला. “सीलने पसंत केला, तिथे मी कोण?” स्वतःची चूक पचवायची ही त्यांची रीत. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचीने मला गच्च मिठी मारली. मीही मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

अंगात ताकद आल्यावर मुलगा म्हणाला, मला तो सील पुन्हा एकदा बघायचाय. भाचीला ते समजलं. “त्याने काहीतरी पाहिलंय, मावशी. जाऊ दे.”

तो सकाळी पुढे गेला. आम्ही दोघी थर्मास घेऊन पोचलो तेव्हा पोहणं उरकलं होतं आणि निरीक्षण चालू होतं. पण आवाज भावोजींचा नव्हता. मुलगा त्यांच्या शेजारी उघड्या अंगाने उभा होता, छाती पुढे काढून, टॉवेल पायाशी ठेवून. दोन नव्या पोरांना तो सांगत होता की थरथर थांबेपर्यंत धीर धरायचा असतो. भावोजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मान डोलावत होते. नव्या पोरांचे ओठ निळे पडले होते.

भाची शेवटपर्यंत थांबली. तो वर आल्यावर तिने विचारलं, “त्या दिवशी तुला काय झालं होतं?”

“शरीर सवय करून घेत होतं.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

तो हसला. चष्मा पुसत म्हणाला, “त्या कधी पाण्यात उतरल्यात?”

भाचीने त्याच्या हातात थर्मास दिला. “मला एक बाबा आहेत,” ती म्हणाली. “दुसरे नकोत.” आणि पाठ फिरवून चालू लागली. गाडीत ती खूप रडली. मी तिला रडू दिलं.

त्या संध्याकाळी भावोजी दुकानात नुसते धुमसत होते. पोरीने तोंडाला काळं फासलं, मंडळात मान वर करायची सोय ठेवली नाही, असला मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. ताई कोपऱ्यात बसून उशांना अभ्रे घालत होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्या बोलण्यात कधी पडली नव्हती.

“तिने निदान लग्नाआधी भिजवून बघितला,” ताई म्हणाली. “मी तुम्हाला कोरडंच बघून हो म्हटलं होतं.”