पिकनिकचं पनीर

आई रोहूचे तुकडे तळायला लागली, की मला बराकपूरला नदीकाठी झालेली ऑफिसची पिकनिक आठवते. मी नवीन होते आणि लोकांत बसायला बिचकायचे, म्हणून जाणं टाळायला "मी मासे-मटण खात नाही" असं सांगून टाकलं होतं. तर आमच्या टीममधल्या थोरल्या दीदींनी सगळ्यांचाच बेत शाकाहारी केला. थंडीच्या उन्हात मोठ्या कढईत पनीर शिजत होतं. "मटणाशिवाय पिकनिक? हे तर श्राद्धाचं जेवण!" एक दादा कुरकुरले. "गप्प बसा, पोरगी एकटी पडेल," म्हणत दीदींनी मला पहिलं वाढलं. सगळे हसत माझ्याभोवती बसले आणि मला मान वर करवेना. आजही ऑफिसच्या जेवणात दीदी माझं पनीर आधी काढून ठेवतात. मी "थँक्यू, दीदी" म्हणते आणि घरी येऊन आईला विचारते, मासे उरलेत का.