बाबांनी पाठवलेले मॉनिटरचे फोटो

बाबांना मी शेवटचं जे काही पाठवलं, तो एक थम्स अप होता.

आज वर्ष झालं.

आई गेल्यावर बाबा कोपरखैरण्याच्या घरी एकटेच. मी बंगलोरला, नेटवर्क सपोर्टमध्ये. लोकांचे अडकलेले पोर्ट उघडून द्यायचे, याचाच मला पगार मिळतो.

बाबांनी हॉलसाठी एक कॅमेरा घेतला होता. घरचा राऊटर जुनाट, वायफाय नसलेला. नवीन घ्या म्हटलं तर, "चांगला चालतोय की, कशाला फेकायचा?"

मग व्हिडिओ बघून बघून त्यांनी कॉम्प्युटरचंच नेट वायफायने कॅमेऱ्याला दिलं. घरात मस्त चालायचं. माझ्या मोबाइलवर मात्र काही केल्या दिसेना.

"अगं, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलंय मी, बाहेरून आत यायची वाट उघडलीय. तरी का येत नाही?"

"बाबा, सरळ व्हिडिओ कॉल करा ना! कशाला नसतं टेन्शन?"

"कॉल केला की तू मीटिंगमध्ये असतेस. मग तुझा आवाज बदलतो. यात कसं, तुला वाटेल तेव्हा डोकवायचं. मी हॉलमध्येच असतो."

आवाज तेव्हाही बदललाच माझा.

"स्क्रीनशॉट पाठवा, बघते."

स्क्रीनशॉट त्यांना जमायचा नाही. ते मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढायचे. तिरका, वर ट्यूबलाइट चमकलेली. खाली लिहायचे, "वेळ मिळाला की बघ. घाई नाही."

मी थम्स अप.

पुढच्या रविवारी अजून एक फोटो. परत थम्स अप.

कस्टमरने असा फोटो पाठवला असता तर झूम करकरून बघितला असता मी. बाबांचे धड उघडलेसुद्धा नाहीत.

मग एका दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. "पोरी, तुजा बाबा दार उगडत नाय गो."

घराची एक चावी काकूंकडेच असायची. बाबा हॉलमध्येच होते.

घरी पोचले तर चुलतभाऊ विचारत होता, हार घालायला अलीकडचा फोटो आहे का? चॅट उघडलं. नुसते मॉनिटर.

आणि पहिल्याच फोटोत उत्तर होतं.

राऊटरमधलं सगळं बरोबर केलं होतं त्यांनी. फक्त कॉम्प्युटरच्या शेअरिंगमध्ये, कॅमेऱ्याचा पत्ता टाकायच्या जागी कॉम्प्युटरचंच नाव राहिलं होतं. पाहुण्याला सोसायटीच्या गेटमधून आत सोडलं, पण फ्लॅट नंबरच दिला नाही, असं झालं होतं.

एक ओळ! फोनवर सांगितली असती तर बाबांनी तिथल्या तिथे बदलली असती.

तेराव्याला आत जाऊन मी ती बदलली. मोबाइलवर हॉल आला. सतरंजी, चहाचे कप, आमची सगळी माणसं.

कॅमेरा चालू असता तर बाबा वाचले असते, असं मी म्हणत नाही. मला खाते ती वेगळीच गोष्ट. तो चालू असता तरी मी डोकावले असते का? छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही मला.

या पोस्टच्या वर टाकलेला फोटो त्यातलाच. सेटिंग बघू नका. मॉनिटरच्या काचेत बघा. बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा, मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

बाबांचा अलीकडचा फोटो माझ्याकडे एवढाच आहे.

बाबा, दिसताय तुम्ही. बघायला फार उशीर केला. माफ करा.