झांजांची पातळी

ड्रम अँड बेस हे संगीत मी कांदिवलीच्या घरात, आतल्या खोलीत, कॉम्प्युटरवर करतो. मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके, त्याखाली बेस, म्हणजे जाड, खर्जातला आवाज, शब्द नाहीत. नऊ वर्षांत अकरा ट्रॅक झाले. मिक्सिंग, म्हणजे कुठला आवाज किती ठेवायचा हे ठरवणं, मी स्वतःच करतो. प्रत्येक पातळी वहीत लिहिलेली आहे. निवृत्तीनंतर पूर्ण वेळ हेच करायचं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी स्पीकर लावले की बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. "डोकं उठतं रे," म्हणायची. डोकं उठतं ते बेसनेच, असं मी धरून चाललो. भिंत थरथरते ती त्यानेच. दर ट्रॅकला बेस एक डेसिबल उतरवायचो. तरी दार लागायचंच.

या वर्षी कुकरवरून गोष्ट निघाली. तीन शिट्ट्यांना गॅस बंद कर, असं सांगून ती खाली गेली. माझ्या हिशेबाने दोनच झाल्या होत्या. ती आली तेव्हा डाळ करपली होती.

"आकडे मोजणारा माणूस ना तू?" ती म्हणाली आणि मला मालाडला कान तपासायला घेऊन गेली.

तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर ठेवला. दोन हजार हर्ट्झच्या पुढे, म्हणजे बारीक, उंच आवाजांच्या भागात, रेघ खाली घसरत गेली होती.

"ढोल-ताशा पथकात होतात का?"

"ताशा वाजवायचो. चौदा वर्षं."

"कानात कापूस?"

"पोरं हसायची."

"हे आता परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "समोरचं बोलणं कळतं, म्हणून लक्षात आलं नाही इतकंच."

घरी येऊन वही काढली. हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटच्या छोट्या झांजा, पहिल्या ट्रॅकमध्ये उणे चौदावर होत्या. अकराव्यात उणे तीनवर. मंद वाटतात म्हणून दर वेळी मीच थोड्या वाढवल्या होत्या. अकरा डेसिबल.

बायकोला बोलावलं. अकरावा ट्रॅक लावून झांजा खाली आणत गेलो.

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून रे. सुया टोचतात नुसत्या." मग म्हणाली, "हां. थांब."

स्क्रीनवर झांजांची पट्टी उणे तेरावर होती.

"आणि बेस?"

"त्याने कधी त्रास दिला? तोच तर आवडायचा मला. हल्ली कुठे असतो तो?"

मी वहीत बेसचे आकडे बघितले.

"प्रत्येक वेळी असं बसायचं का मी?" तिने विचारलं. चिडून नव्हे, माहिती म्हणून.

"नको."

ती गेल्यावर उणे तेरा हा आकडा वहीत लिहिला. मग उणे तीन आणि उणे तेरा, दोन्ही पाठोपाठ लावून ऐकले. चार वेळा ऐकले. उणे तेरावर मला झांजा ऐकूच आल्या नाहीत. बारावा ट्रॅक निम्मा झालाय. तो उघडलेला नाही.