आक्काच्या गळ्याचं माप

मी एकदा एका घोडीची कॉलर मापाच्या ब्लाउजसारखी मागवली.

हसा. मीही आता हसते. तेव्हा मात्र मी बावन्न वर्षांची, चष्मा केसांत खोवलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र मिरवणारी बाई होते, आणि कतारचं वाळवंट माझ्या फाइलींमुळेच हिरवं होणार आहे असा माझा ठाम समज होता. आणि त्या समजाच्या आड रोज सकाळी एक माणूस उभा असायचा. घोडीच्या मानेखाली हात घालून, डोळे बारीक करून.

"मामा, झालं का?"

"थांबा की. हात जातो का बघतोय."

दोह्याच्या उत्तरेला आमच्या मालकांचं मोठं रान होतं. त्यात एक रौदा. रौदा म्हणजे पावसाचं पाणी साचून राहतं अशी खोलगट जागा. तिथे जुन्या बोरी, बाभळी तग धरून असतात. त्यांच्यात वेडी बाभूळ माजली होती. ती तोडून ओंडके बाहेर काढायचे होते. पण गाडी आत नेली की माती दबून दगड होते आणि रोपं चिरडतात. मालकांनी परदेशातल्या जंगलात घोड्यांना ओंडके ओढताना पाहिलं होतं. झालं. आठशे किलोची एक घोडी विमानात बसून आमच्याकडे आली. तिच्या कागदांवर कुठल्याशा सरदारणीचं लांबलचक नाव होतं.

"ही हाकणार कोण?" असा प्रश्न आला तेव्हा कामगारांतून एक हात वर झाला. सांगोल्याकडचा ड्रायव्हर, बिरकत अल अवामेरच्या कॅम्पात राहणारा. लहानपणी बैल, मग गावचा टांगा. सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याने घोडीभोवती एक चक्कर मारली, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही आमची आक्का."

त्या दिवसापासून सरदारणीचं नाव खलास.

तो आक्काशी अदबीने बोलायचा. "आक्का, जरा सरकता का? आक्का, पाय उचला." मला मात्र "थांबा की." साज चढवायला पाऊण तास. आधी कॉलर. ही कुत्र्याची नव्हे बरं, घोडीच्या खांद्यांवर बसणारं, पेंढा भरलेलं चामड्याचं जाडजूड कडं. सगळं ओझं तिच्यावर येतं. ती चढवली की वर हात, खाली हात, डावीकडे, उजवीकडे. मग साखळ्या. मग पुन्हा हात. मी पोर्टा कॅबिनच्या दारातून घड्याळ बघत असायचे. माझ्या खोलीतला एसी बादलीत ठिबकायचा. तबेल्यातला एसी थंडगार चालायचा. मी तक्रार केली तर टेक्निशियन आला आणि आधी तबेल्यातला साफ करून गेला.

"आज किती ओंडके निघतील?"

"आक्का ठरवंल."

"असं रिपोर्टात लिहू? मामा, मला आकडा द्या. लिहून द्या."

"आक्काला लिवाय येत न्हाय," तो म्हणाला, "आन् मला लिवायला हात मोकळा न्हाय."

हात खरंच मोकळा नव्हता. तो घोडीच्या मानेखाली होता.

एकदा मी वैतागून म्हटलं, "शेजारच्या प्लॉटवर शॉवेल मशीन आहे, जेसीबीचा थोरला भाऊ. दोन आठवड्यांत सगळं साफ करेल. आपलं तिसरं वर्ष चाललंय." तो मला रानात घेऊन गेला. एका जागी चार पांढरे दगड मांडले होते. मध्ये अंगठ्याएवढं बोराचं रोप. असे दगड त्याने ठिकठिकाणी मांडले होते आणि आक्काला त्यांच्या बाजूबाजूने नेत होता.

"हे शॉवेलला दिसतं का?"

"आणि घोडीला दिसतं? तिने काय वनस्पतिशास्त्रात डिग्री घेतलीय?"

"तिला न्हाय दिसत. मला दिसतं. मी तिच्या म्होरं चालतो." त्याने शेजारच्या प्लॉटकडे बोट केलं. "शॉवेलच्या म्होरं कोण चालतंय, म्याडम?"

अशा माणसाशी कुणी किती भांडावं? तुम्हालाही असा एखादा भेटला असेल. बरोबर असतो, आणि म्हणूनच डोक्यात जातो.

तिसऱ्या उन्हाळ्यात आक्काची कॉलर तडकली, ओझं घेण्याजोगी राहिली नाही. नवी परदेशातून बनवून मागवायची होती, यायला काही महिने लागणार होते. मामाने माझ्या टेबलावर एक सुतळी आणून ठेवली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या. "माप हाय. ह्या गाठीपास्नं त्या गाठीपतूर." मी फोनवर होते, मान डोलावली. संध्याकाळी फाइली बांधायला काही सापडेना, ही सुतळी हाताशी होती.

आठवड्याने फॉर्म भरायला बसले तर माप नाही. त्याला पुन्हा विचारायचं? मी? वसईत आमच्या आईने सगळ्या गल्लीचे ब्लाउज शिवले. मापाचं मला कोण शिकवणार? शिंप्याकडे जुना ब्लाउज नेतो तशी मी स्टोअरमधली तडकलेली कॉलर टेबलावर घेतली आणि टेप लावली. बाहेरून. मग दोन बोटं शिलाईची धरली. मग चार बोटं वाढत्या अंगाची.

घोडी अकरा वर्षांची होती.

तेवढ्यात ठरलं की फेब्रुवारीत मालकांचे सल्लागार येणार आणि पुढच्या वर्षी घोडं ठेवायचं की मशीन आणायचं ते ओंडके ओढताना बघूनच ठरवणार. घोडं गेलं तर मामाचंही काम गेलं. त्याचा व्हिसा आक्काच्या खुरांना बांधलेला होता म्हणा ना.

कॉलरचं खोकं पोचलं ते नेमकं पाहुणे येणार त्याच सकाळी. मामाने ती आक्काच्या गळ्यात घातली. तळहात आत सरकवला. मग मूठ. मग कोपरापर्यंत हात.

"म्याडम, हात कसला जातोय? आख्खा मी जातोय."

"आत टॉवेल कोंबा. फोम कोंबा. दहाच ओंडके दाखवायचेत, यल्ला, चला!"

"कालर हालली की धा ओंडक्यांत खांदा सोलंल."

"अहो, तुमची नोकरी आहे ही!"

"व्हय," तो म्हणाला. "नोकरी माजी हाय. खांदा तिचा हाय."

आणि त्याने कॉलर काढून ठेवली.

तीन जीपगाड्या आल्या. आमच्या मॅनेजर साहेबांनी घोडी नुसती उभी बघितली आणि ते लाल झाले. "कॉलर का नाही चढवली? माप कुणी दिलं?" मामाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सँडलकडे पाहिलं. फार बघण्यासारखी सँडल होती असं नाही.

"माप गलत हुआ, सर," मामा म्हणाला. कुणाचं ते बोलला नाही.

पाहुण्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली, आक्काबरोबर फोटो काढले आणि शेजारच्या प्लॉटवर चालू असलेलं शॉवेल बघायला गेले. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता काय उपयोग? निर्णय झाला होता.

मशीनने खरोखर दोन आठवड्यांत रान साफ केलं. बोराची रोपंही साफ. पांढरे दगड चाकांखाली इकडेतिकडे उडाले. पुढच्या हिवाळ्यात वेडी बाभूळ तुटलेल्या बुंध्यांतून दुप्पट फुटली, आणि "मी म्हटलं होतं" असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मामा मार्चमध्येच गावी गेला. आक्काला अल रय्यानच्या एका रायडिंग स्कूलने नेलं.

आता मी निवृत्त आहे, इथेच दोह्यात लेकीकडे राहते. आमच्या नाताळला मामाचा व्हिडिओ कॉल येतो. तब्येतपाणी विचारत नाही. एवढंच म्हणतो, "आक्काकडं कवा जाताय?" मग मी नातीला घेऊन अल रय्यानला जाते, त्याला फोन लावते आणि तो आता म्हातारी झालेल्या आक्काच्या कानाला धरते. तिकडून "आक्का, पाय उचला" ऐकू येतं. कधी कधी ती खरंच उचलते. नात चार पावलं लांब उभी राहून पुटपुटते, "नॅना, धिस इज सो एम्बॅरसिंग." फोन ठेवला की मी आक्काच्या खोगिराच्या पट्ट्याखाली हात घालते. तिथल्या पोरांवर माझा विश्वास नाही. तीही माझ्याकडे बघून उसासे टाकतात, आणि मी म्हणते, "थांबा की."

त्या फेब्रुवारीतलं एक सांगायचं राहिलं. जीपगाड्यांची धूळ बसल्यावर मी तबेल्यात गेले. मामा पाण्याची बादली भरत होता.

"मामा, माप मी चुकवलं. तुमची सुतळी मी फाइलींना बांधली. साहेबांना का नाही सांगितलंत?"

मामाने नळ बंद केला. कोपऱ्यातली जुनी तडकलेली कॉलर उचलून त्याने आक्काच्या गळ्यात चढवली आणि बाजूला झाला.

"हात घाला."

तीन वर्षांत मी त्या घोडीला एकदाही हात लावला नव्हता. घातला. एका बाजूला कडक चामडं, दुसऱ्या बाजूला घामाने ओलसर, कोमट मान, आणि तिच्या आत काहीतरी सावकाश ठोके देणारं. माझा तळहात मध्ये बरोबर मावला. घट्ट नाही, सैल नाही.

मामाने भरलेली बादली आक्कापुढे आणून ठेवली.

"हे माप. आता लिवून घ्या, म्याडम."