माय गेल्यावरचा झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी लातूरहून गावी आले, तेव्हा घरामागचा झेंडू भरभरून फुलला होता. मायनं आषाढात रोपं लावली आणि श्रावणात ती स्वतःच गेली. मला त्या फुलांचा राग आला. असं लिहिताना संकोच वाटतो, पण आला.

दरवर्षी या दिवसांत मी वालाच्या मांडवाखाली पुस्तक घेऊन बसायची. शेवंतीला कळ्या धरलेल्या असायच्या. माय वाफे भुसभुशीत करून मेथी टाकायची. मी हात लावायला गेले की म्हणायची, "तू वाच. माती कुठं पळून जात न्हाई." घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळं बाग मी नुसती बघितली, केली कधीच नाही.

यंदा घरात दुःख, म्हणून सण नाही, तोरण नाही. शेजारच्या काकू टोपली घेऊन आल्या.

"पोरी, तुमच्यात तर यंदा न्हाई. फुलं वाळून जाण्यापरीस मी नेऊ का?"

मी अप्पांकडं बघितलं. ओसरीवरून अप्पाच, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "न्या की वहिनी, समदी न्या."

"अप्पा, बियाला थोडी राहू द्या," मी हळूच म्हणाले.

"अन् लावणार कोण? तू लातूरला, मी रानात."

काकू फुलं तोडता तोडता हसल्या. "पुस्तकात बघून लावती का काय?"

दुसऱ्या दिवशी मी एका वाफ्यात मेथी टाकली. किती खोल, किती दाट, काहीच ठाऊक नव्हतं. अप्पांना विचारलं. आयुष्यभर शेती केलेला माणूस, पण म्हणाले, "घरामागचं समदं तिचंच असायचं. मला काय म्हाईत."

लातूरला परतल्यावर मी रोज फोनवर विचारायची, "उगवली का?"

एका संध्याकाळी ते म्हणाले, "उगवली व्हती." मग सांगू लागले, "न्हाणीचं पाणी जायचं तिकडं. मी आता रानातल्या बोरवरच अंघोळ करतो. घरी कोण हाय न्हायला? वाळून चालली, म्हणून शेळी सोडली त्यात."

"बरं केलं," मी म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं आहे. मागचं दार उघडायचं नाही, असं आत्ताच ठरवून ठेवलंय.