शंभर फुटांची दोरी

गावाच्या पिण्याच्या विहिरीभोवती शंभर फुटांत गोठा, उकिरडा, पोल्ट्री काही नको, हा ठराव ग्रामसभेत मीच मांडला. मी पंचायतीची सदस्य, आणि डोळ्यांपुढं होती ती शेजाऱ्याची पोल्ट्री. पावसात तिची सगळी घाण विहिरीकडं वाहायची. सगळ्यांनी हात वर केले.

मोजायला जुन्नरच्या बाजारातून कोरी दोरी आणली. टोक धरून मीच तोऱ्यात निघाले. मेली दोरी पोल्ट्रीच्या चार पावलं अलीकडंच संपली. शेजारी हसला, "वहिनी, आता तुमच्याकडं फिरवा की."

दोरी आमच्या बाजूला फिरवली. विहिरीला जागा माझ्या आजेसासऱ्यांनी दिलेली, तीही फुकट. त्यामुळं उरलेल्या तिन्ही बाजूंना आमचंच रान. दोरी आमचा उकिरडा, गोठा ओलांडून पार ओट्यापर्यंत पोचली. ग्रामसेवकानं विचारलं, "लिहू का, ताई?" सगळं गाव बघत होतं. "लिहा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी सासूबाई म्हणाल्या, "म्हशी आता कुठं बांधायच्या? तुज्या पंचायतीत?"

नोटीस गोठ्याच्या दारावर मलाच चिकटवावी लागली. घरात दुसरं कुणी तिला हात लावेना. खाली ठराव मांडणारी म्हणून माझंच नाव. वारा पोल्ट्रीकडून येत होता.